बियाण्याच्या मृत्यूचा दाखला

माझ्या उभ्या नोकरीत माझ्या नावावर एकच मोठी कामगिरी जमा आहे. एका आख्ख्या गावाचं जितंजागतं बियाणं मेलेलं आहे, असं मी लेखी दिलं होतं. खाली सही ठोकली होती, अन् सही पण कशी, शेवटच्या अक्षराची शेपटी पार कागदाच्या काठापर्यंत ओढलेली. लोक आपल्या आठवणींत पराक्रम लिहितात. मी घरात विचारलं, माझा एखादा पराक्रम कोणाला आठवतो का, तर सून म्हणाली, "आई, ते धानाचं लिहा ना." म्हणजे बघा, इतक्या वर्षांनी घरात माझी हीच कीर्ती उरली आहे.

तेव्हा आम्ही भिलाईला कॅम्पातल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, वर पत्रा, मागे हातभर अंगण. बाबा आधी रेल्वेत गँगमन होते, दुर्गच्या लाइनीवर. प्लांटचं बांधकाम निघालं तसे तिकडे खलाशी म्हणून लागले, उंचावर लोखंडी गर्डर चढवायच्या कामाला. घरात घड्याळ नव्हतं. सकाळचा भोंगा झाला की माय तव्यावरची भाकर उलटायची, एवढंच आमचं घड्याळ. दिवसभर कुठं ना कुठं जमिनीत खांब ठोकणं चालू असायचं, धप्प, धप्प, अन् त्या आवाजाची एवढी सवय झाली होती की दुपारी तो थांबला की माय घाबरून दारात यायची अन् शेजारणीला विचारायची, "काय झालं वो?" लाल माती सगळ्यावर बसायची, वाळत घातलेल्या लुगड्यावर, माठातल्या पाण्यावर, ताटातल्या भातावर. भात हे तर मायचं मोठंच दुखणं होतं. आम्ही वर्ध्याकडचे, ज्वारी खाणारे, अन् येऊन पडलो धानाच्या मुलखात. मामा नागपूर पॅसेंजरनं ज्वारीचं पोतं घेऊन यायचा त्या दिवशी आमच्याकडे सण. भाकर, झुणका, लाखोरीच्या पाल्याची भाजी, वरून कच्चं तेल. माय खायची अन् खाता खाता छत्तीसगडाला नावं ठेवायची. "भात काय खाणं हाये? पोट भरते, पण जेवल्यासारखं नाही वाटत." (लिहिताना मी 'मला' लिहिते, ते शाळेनं लावलेलं वळण. तोंडात आजही 'मले'च येतं, अन् राग आला की हिंदी.)

मॅट्रिक झाल्यावर माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे आत्यानं आणलेलं गोंदियाचं स्थळ. रेल्वेतला पॉइंट्समन, पगार पक्का, मिशा त्याहून पक्क्या. दुसरी म्हणजे ग्रामसेविकेची नोकरी. गावोगाव जाऊन बायांना बिनधुराची चूल, लेकरांना टोचणं, परसातली भाजी असलं शिकवायचं. बाबा म्हणाले, "पोरगी शिकली हाये, करू दे." आत्या म्हणाली, "नोकरी टिकली तं ठीक हाये. नाही टिकली तं मी वैशाखातली तारीख काढतो." बाबांनी मान डोलावली. माझं सगळं स्वातंत्र्य त्या एका नोकरीच्या खुंटीला टांगलेलं होतं, अन् ती नोकरी वर्षभर कच्ची होती.

मग मी ट्रेनिंग घेतलं, पांढरी साडी नेसली, लेडीज सायकल शिकली अन् स्वतःला फार मोठी समजायला लागली. अर्ध्या हळकुंडानं पिवळी म्हणतात ते माझ्यासारखीलाच. बाबांनी दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात देव राहिले नव्हते, अंगारा नाही, नवस नाही. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण त्या वयात मी त्याचा अर्थ असा लावला होता की जुनं ते सगळं खोटं अन् ट्रेनिंगच्या वहीत आहे तेवढंच खरं. त्या वहीतसुद्धा मधली काही पानं कोरी होती. बियाण्याचा तास जेवणानंतर असायचा, पंख्याखाली, अन् मास्तरांचा आवाज इतका मऊ होता की मी डोळे उघडे ठेवून झोपायला शिकली होती.

मरोद्याच्या पलीकडचं एक गाव मला मिळालं. नाव लिहीत नाही, तिथली नातवंडं आज माझ्या नातवंडांसोबत शिकतात. खरं तर बी-बियाणं हे माझं काम नव्हतंच, ते ग्रामसेवकाचं. पण आमच्या ब्लॉकचा ग्रामसेवक एक दिवस सायकल ऑफिसात टेकवून गेला तो प्लांटमध्ये भरती होऊनच दिसला. त्याची बियाण्याची थैली माझ्या गळ्यात पडली. साहेबांनी, म्हणजे आमच्या विकास अधिकाऱ्यांनी, मला बोलावून सांगितलं, "देखो बाई, डिपो में सुधरा हुआ बीज पड़ा है, तुम्हारे गांव से एक आदमी लेने नहीं आया. होली तक एक किसान भी पुराना बीज छोड़ दे तो मैं तुम्हें पक्का कर दूंगा. नहीं तो मुश्किल है." मला तिथेच गोंदियाच्या मिशा दिसायला लागल्या.

गावात पहिल्या दिवशी लोकांनी माझं आडनाव विचारलं, अन् ते कळल्यावर पाणी कोणी विचारलं नाही. उन्हातून सायकल रेटत गेली होती मी, जीभ टाळूला लागली होती. एका घराच्या ओट्यावरून एक बाई उठली अन् काशाचा लोटा सरळ माझ्या हातात दिला. "थोरिक पानी पी ले, नोनी." ती बिसाहिनबाई. नोनी म्हणजे पोरी. नवरा वारलेला, लेक सासरी, अन् गावाच्या खालच्या अंगाला एकच शेत, खोलगट, श्रावणापासून कंबरभर पाणी उभं राहायचं त्यात. असल्या शेताला तिकडे बहरा म्हणतात. त्या बहऱ्यात तिचं एक उंच, उशिरा पिकणारं धान यायचं, पाणी चढलं की तेही चढायचं. वर्षाचं पोट तिचं तेवढ्यावर. दर कापणीला ती स्वतः शेतात उतरून एकसारख्या लोंब्या वेगळ्या काढायची, म्हणून तिचं बियाणं गावात सगळ्यांत निर्मळ. त्या दिवसापासून माझी दुपार तिच्या ओट्यावर. ती मला बासी वाढायची, रात्री पाणी घालून ठेवलेला भात, वर मीठ, कांदा अन् टमाट्याची चटणी. मी खायची अन् तिला माझी सगळी रडगाणी सांगायची, साहेब काय म्हणाला, आत्या काय म्हणाली, मिशा केवढ्या आहेत. ती नुसती "हव, नोनी" म्हणायची. हव म्हणजे हो. त्या गावात हव म्हणण्याचा अन् ऐकण्याचा काही संबंध नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

अघन, म्हणजे मार्गशीर्ष महिना होता, धान नुकतंच मळून घरात आलं होतं. मी ठरवलं, लोकांना पुराव्यानिशी पटवायचं. मला उगवण तपासायची रीत तेवढी पक्की पाठ होती. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात ओळीनं मांडायचे, गुंडाळायचे, फडकं वाळू द्यायचं नाही, काही दिवसांनी उघडून कितींना मोड आले ते बघायचं. आठ घरांतून मूठ मूठ नवं धान गोळा केलं, बिसाहिनबाईचंही घेतलं, अन् क्वार्टरमध्ये मायच्या चुलीजवळ आठ वळकट्या मांडल्या. सहा-सात दिवसांनी उघडून बघते तर काय, शंभरातल्या चार-पाचांना मोड आलेले, बाकी दाणे जसेच्या तसे, ढिम्म. आठही फडक्यांत तेच. मला जो आनंद झाला तो आता सांगायला लाज वाटते. तरी एक शंका आली होती बरं का, सगळ्यांचंच कसं मेलं? म्हणून मायला विचारलं. मायनं फडक्यात वाकून पाहिलं अन् हात झटकले. "मेलं हाये हे. आपल्याकडे कापणीच्या टायमाले पाणी आलं तं ज्वारीले उभ्या कणसात मोड येते. जितं बी असं पडून राहीन का? मुलूखच मेला हाये हा." माय जर भंडाऱ्याकडची असती, धानातली, तर हे प्रकरण मला लिहावंच लागलं नसतं. पण माय ज्वारीची, अन् मी मायची लेक.

दुसऱ्या दिवशी आठ घरांना आठ चिठ्ठ्या दिल्या. 'यह बीज मृत है, बुआई के योग्य नहीं.' खाली ती सही. घरोघरी मी भाषण दिलं की हे धान कुटून खाऊन टाका अन् डिपोतून शिक्का मारलेल्या थैलीतलं सुधारित बी घ्या. सगळे म्हणाले, "हव, नोनी." बिसाहिनबाईनं चिठ्ठी हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली, तिला वाचता येत नव्हतं. मला म्हणाली, "तोर साहेब खुस होही?" मी म्हणाली, खुश म्हणजे काय, नाचेल. ती आत गेली अन् बियाण्याची कणगी बघत थोडा वेळ उभी राहिली. पुढच्या आठवड्यात गेली तेव्हा ढेंकी, पायानं दाबून धान कुटायचं लाकडी मुसळ, चालू होती. त्या धानाचे तांदूळ करून तिनं पिठाचे फरे उकडले होते, तीळ अन् मिरचीची फोडणी दिलेले. माझ्या हातानं मी सहा खाल्ले, वर म्हणाली, "काकी, बहुत बढ़िया." पुढच्या वर्षीचं तिचं शेत मी बसल्या बैठकीला खाल्लं अन् वर पदराला हात पुसले.

रजिस्टरात मी लिहिलं की एका शेतकरी महिलेनं जुनं बियाणं सोडलं. फागुनात नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं. बाबांनी पेढे आणले, आत्यानं तोंड वाकडं केलं, अन् मी कॅम्पातल्या पोरींना सायकलवरून मिरवून दाखवलं.

गर्वाचं घर खाली म्हणतात, तर माझं घर चैतात पडलं. ब्लॉक ऑफिसात शेतकऱ्यांचा मेळावा होता, साहेबांनी मला सांगितलं की तुम्ही बीज-जांच करून दाखवा. मी म्हटलं, मेलेलं बी कसं असतं ते दाखवू. बिसाहिनबाईच्या धानातले मूठभर दाणे माझ्या डब्यात उरले होते, ते आठवडाभर आधी फडक्यात घातले, अन् आगाऊपणा बघा, मध्ये एकदाही उघडून पाहिलं नाही. मेलेल्याला काय बघायचं? मेळाव्याच्या दिवशी टेबलामागे उभी राहून मी पाच मिनिटं बोलली. पुराना बीज, पुरानी आदत, अंधविश्वास, सगळं आलं त्यात. मग म्हटलं, "अब आप लोग खुद देखिए," अन् फडकं उलगडलं. आत पांढऱ्या मोडांचं जाळं झालं होतं. एकूण एक दाणा फुटलेला. फडकं सुद्धा सुटेना, मुळं त्यात घुसली होती.

मग मागून एक म्हातारा हसला, अन् मग सगळा मांडव हसला. साहेबांनी वाकून पाहिलं अन् हळू आवाजात विचारलं, "बाई, तुमने जांच कब की थी? कटाई के तुरंत बाद?" मी मान हलवली. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, नया धान सोता है! महीना-दो महीना मड़ाई के बाद वो उगता ही नहीं. ट्रेनिंग में बताया नहीं?" बताया असणार. नक्की बताया असणार. मी विचारलं, डिपोतलं बी बहऱ्यात चालेल ना? ते म्हणाले, "वो तो छोटे कद का है, गहरे पानी में डूब जाएगा. ऊपर वाले खेत का बीज है." त्या हसणाऱ्या लोकांचं मला काहीच वाटलं नाही. मला फक्त ती ढेंकी ऐकू येत होती.

घरी येऊन मी मायला सांगितलं अन् ढसाढसा रडली. बाबा आधी हसले, मग पाण्याचा लोटा माझ्यापुढे ठेवला. माय परातीतलं पीठ मळता मळता म्हणाली, "मले काय माहीत, मी ज्वारीवाली. मीच सांगलं तुले मेलं म्हणून." अन् थोड्या वेळानं, "तुले पेढे खाता आले ना? मंग आता जाय अन् तिले तिच्या तोंडावर सांग. कावून रडून राहिली इथं बसून?"

अक्तीला चारच दिवस होते. अक्ती म्हणजे आपली अक्षय तृतीया. त्या दिवशी तिकडे घरोघरचं बियाणं पळसाच्या पानांच्या द्रोणात घेऊन लोक ठाकूरदेवापुढे जातात, बैगा, म्हणजे गावचा पुजारी, ते सगळं एकत्र करून थोडं पेरून दाखवतो अन् उरलेलं मूठ मूठ वाटून देतो. तिथून पेरणीचं वर्ष सुरू. बिसाहिनबाई अंगण सारवत होती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, काकी, तुझं बी मेलं नव्हतं, मीच मूर्ख, तुझा बहरा माझ्यामुळं रिकामा राहणार. तिनं शेणाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. तेच मला सहन झालं नाही. मी म्हणाली, मी गावातून मागून आणते. ती म्हणाली, "रहन दे नोनी, मंय मांग लुहूं," मी मागून घेईन म्हणून. पण मला तर प्रायश्चित्ताचा जोर चढला होता, मी ऐकते कुठली.

मी पदर पसरून घरोघरी गेली. ज्या सात घरांना मी मृत्यूचे दाखले दिले होते त्या सातही घरांच्या कणगीत ते मेलेलं बियाणं सुखात होतं. एकानंसुद्धा एक दाणा कुटला नव्हता. एका घरात माझी चिठ्ठी तंबाखूच्या पुडीला लागली होती, दुसऱ्या घरात ती चूल पेटवायला गेली होती. गावचा म्हातारा मंडल, म्हणजे मोठा शेतकरी, तोच मेळाव्यात पहिला हसलेला, मला बघून दारात येऊन बसला अन् मोठ्यानं म्हणाला, "मरे बीजहा ल का करबे, नोनी?" मेलेलं बी घेऊन काय करशील? त्याच्या सुनांनी तोंडाला पदर लावले. मी म्हणाली, "बाबा, मैं ही मरी हूं, बीज तो अच्छा है." तो इतका हसला की त्याला ठसका लागला, अन् त्यानं दोन पसे जास्त घातले. ज्यांनी पहिल्या दिवशी पाणी दिलं नव्हतं त्यांनी बियाणंही वरून सोडलं, पदराला हात लागू न देता. ते मला तेव्हा लागलं, आजही लागतं. पण त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडली नाही. मला बियाणं पाहिजे होतं.

संध्याकाळपर्यंत पदर पदर करत अर्धं पोतं धान झालं, सगळं बहऱ्यात चालणारं, पण काय ते धान! सात घरांचं, सात तऱ्हांचं. कुठं लाल दाणा, कुठं काळ्या कुसाचा, कुठं बारीक. बिसाहिनबाईनं किती वर्षांत निवडून निवडून एकसारखं केलेलं वाण, अन् मी तिला हा चिवडा आणून दिला. ते पुन्हा पहिल्यासारखं निर्मळ व्हायला तिला पुढे तीन कापण्या लागल्या. हल्ली दुर्गच्या बाजारात बियाण्यांची दुकानं झाली आहेत, चकचकीत पाकिटं, प्रत्येकावर उगवण किती ते छापलेलं. मी पाकीट उलटं करून ते वाचते अन् सही कोणाची आहे ते शोधते.

आम्ही दोघी ओट्यावर सुपं घेऊन निवडत बसलो. मी खाली मान घालून एक एक काळा दाणा काढत होती. मग मला राहवलं नाही. मी विचारलं, काकी, गावात एकानंही माझं ऐकलं नाही, तू एकटीनंच कसं ऐकलं? नवं धान झोपतं, हे तुलाही माहीत नव्हतं?

ती हसली. "ये बात ल तो लइका मन घलो जानथें," म्हणाली. हे तर इथल्या लेकरांनाही माहीत असतं.

"मग कुटलं कशाला?" मी जवळजवळ ओरडलीच.

"तोर साहेब तोला निकाल देतिस. घर वाले मन तोर बिहाव कर देतिन," ती सूप पाखडत म्हणाली, जसं काही हवापाण्याचं बोलते आहे. "बीजहा तो गांव म मिल जाही, नोनी. तोर नौकरी ल मंय काकर घर ले मांग के लानतेंव?"

साहेबानं मला काढून टाकलं असतं, घरच्यांनी लग्न लावून दिलं असतं. बियाणं गावात कुठंही मिळालं असतं. माझी नोकरी तिनं कोणाच्या घरून मागून आणली असती?

माझ्या हातातलं सूप कललं, दाणे ओट्यावर सांडले. मी रडायला लागली, मोठ्यानं, पांढऱ्या साडीचा पदर तोंडात कोंबून. बिसाहिनबाईनं सांडलेले दाणे गोळा केले, माझ्या सुपात परत टाकले अन् म्हणाली, रडायचं तर नंतर रड, आधी हे काळे दाणे वेच, अक्तीला चारच दिवस आहेत.